तेहतीस फूट पाच इंच

गणपुलेकाकांकडे चहा प्यायला बसलं की पहिला घोट पाहुण्याने घ्यायचा, असा त्या घरचा रिवाज होता. काका स्वतःचा कप हातात धरून आपल्या तोंडाकडे बघत राहत. "कसा झालाय?" असं विचारत. आपण भिडेखातर छान म्हणायचो. मग ते घोट घेत आणि सांगत, "मला पांचट लागतोय. पण मी आधी बोललो असतो तर तूही पांचटच म्हणाली असतीस." आतून सुमतीकाकूंचा आवाज येई, की परीक्षा संपली असेल तर पिऊन घ्या, पुन्हा गरम करून मिळणार नाही. हा प्रकार मी पंचवीस वर्षं पाहिला आणि दर वेळी मला त्याचा थोडा राग यायचा. साधा चहा पिताना कुणी आपल्याला उलटतपासणीला उभं करावं, हे काही बरं नाही.

अनंत गणपुले हुगळीकाठच्या बजबजला एका तेलडेपोत नोकरीला होते. मूळचे सांगलीकडचे. तरुणपणी कलकत्त्यात आले आणि कलकत्त्याचं कोलकाता झालं तरी इथेच राहिले. लेक गार्डन्स स्टेशनपासून पाच मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. बजबज लोकल त्यांच्या खिडकीखालून जायची आणि निवृत्तीनंतरही सकाळी सातची गाडी गेली की ते घड्याळाकडे बघून "चार मिनिटं लेट" असं जाहीर करायचे. अंगाने किरकोळ, उन्हात रापलेले, डावा गुडघा कायमचा दुखरा. मागच्या हिवाळ्यात, सत्त्याऐंशीव्या वर्षी, ते गेले.

त्यांच्याबद्दल इथल्या मराठी मंडळींना विचारलंत तर सगळे हसून एकच सांगतील, की गणपुले स्वतःचं मत कधी आधी देत नसत. "आधी तू सांग" हे त्यांचं पालुपद. लोकांना तो विक्षिप्तपणा वाटे. मला मात्र त्यामागची गोष्ट पुढे कळली. काकांना आयुष्यात एका माणसाला एक वाक्य सांगायचं राहून गेलं होतं. तो माणूस आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका देशात होता, असला तर. त्या देशाचं नाव काका घेत नसत, "तिकडे" म्हणत, म्हणून मीही लिहीत नाही. ते वाक्य सांगायच्या आत आपण मरू, किंवा तो मरेल, याची त्यांना भीती होती. बाकी भीती अशी कशाची नव्हती.

माझी त्यांची पहिली गाठ इथल्या मराठी मंडळाच्या बैठकीत पडली. मी चोवीस वर्षांची. जन्म इथला, शाळा इथली. माझं मराठी ऐकून पुण्याच्या मावश्या तोंडाला पदर लावून हसायच्या. बाबांनी मला ओढून नेलं होतं. गणेशोत्सवात कोणतं नाटक बसवायचं यावर चर्चा होती. अध्यक्ष म्हणजे बदलीवर आलेले एका सरकारी कंपनीचे मोठे अधिकारी. त्यांनी बसल्या बसल्या एका जुन्या तीन अंकी नाटकाचं नाव पुढे केलं. आता सगळ्यांनी माना डोलवायच्या आणि वड्यांच्या बशा फिरायच्या, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात कोपऱ्यातून एक बारीक आवाज आला. "इथे सगळ्यात लहान कोण आहे?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. "हं, मग आधी तू सांग. नाटक कसं वाटतं?" मी खरं तेच बोलून गेले. म्हटलं, तीस वर्षांखालच्या कुणालाच ते नाटक कळणार नाही; आम्ही दरवर्षी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतो आणि घरी जाऊन आईला विचारतो, की शेवटी त्या बाईचं काय झालं. बाबांनी कपाळाला हात लावला. अध्यक्षांचा चेहरा उतरला. पण मग माझ्याहून थोडा मोठा असलेला देवधरांचा मुलगा म्हणाला, मलाही कळत नाही. त्यानंतर बँकेतल्या एक बाई. असं वर चढत चढत गोष्ट अध्यक्षांपर्यंत पोचेतो नाटक पडलं होतं. त्या वर्षी आम्ही एक लहानसं प्रहसन केलं, मध्ये मध्ये बंगालीतून सूत्रसंचालन ठेवून, आणि शेजारपाजारचे बंगाली लोकही येऊन बसले. अध्यक्षांनी पुढच्या बैठकीची सूचना काकांना पाठवलीच नाही. काका तरीही आले.

हा माणूस लोकशाहीचा मोठा भक्त वगैरे होता असं मात्र कुणी समजू नका. घरात ते चांगलेच हेकट होते. पंखा किती वर ठेवायचा, मासे कोणत्या बाजारातून आणायचे, यात काकूंचं काही चालत नसे. फक्त जिथे चार माणसं मिळून काही ठरवणार, तिथे त्यांना ही लहर येई. काकूंचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा मोठे डॉक्टर पाच-सहा शिकाऊ डॉक्टरांचा घोळका घेऊन फेरीला आले. त्यांनी तोंड उघडायच्या आत काकांनी मागे उभ्या असलेल्या सगळ्यात लहान मुलीला विचारलं, "तुला काय वाटतं? सूज कशाची आहे?" ती बिचारी लाल झाली, मग धीर करून काहीतरी बोलली. मोठ्या डॉक्टरांनी थंडपणे सांगितलं, की हे साफ चूक आहे, आणि ते खरंच चूक होतं. काकू नंतर आठवडाभर काकांशी धड बोलल्या नाहीत. काका मात्र खूश होते. "चुकली, पण स्वतःचं चुकली," एवढंच म्हणाले.

पेपर वाचतानाही तेच. कुठल्या सरकारने काही निर्णय घेतला, की त्यांना निर्णयात रस नसे. "त्या खोलीत आधी कोण बोललं असेल?" असं ते मला विचारत. मी म्हणायची, काका, मला काय माहीत, मी न्यू टाउनला संगणकापुढे बसते. ते पुढचं पान उलटत. तेलाच्या देशांच्या बातम्या मात्र कापून एका बिस्किटांच्या डब्यात ठेवायचे. कुठे नवा अध्यक्ष, कुठे लष्कर, कुठे चौकशी.

मग एका रविवारी ते मला बजबजला घेऊन गेले. काकू तोवर गेल्या होत्या आणि काकांचं बोलणं कमी झालं होतं. स्टेशनवर उतरून आम्ही नदीच्या घाटावर गेलो. तिथून डेपोच्या पांढऱ्या टाक्या दिसतात, भिंतीपलीकडे एकामागोमाग एक. काका पायरीवर बसले, गुडघा चोळत. मी शेंगदाण्याची पुडी उघडली आणि त्या दिवशी त्यांनी मला सगळं सांगितलं.

टाकीत तेल किती आहे हे मोजायचं, हे त्यांचं काम. जिन्याने टाकीच्या माथ्यावर चढायचं, झाकण उघडायचं, पोलादी टेपच्या टोकाला पितळी ओळंबा असतो तो तळाला टेकेपर्यंत सोडायचा आणि वर ओढून बघायचं, की टेप कुठपर्यंत भिजली आहे. दोघांनी बघायचं. दोघांनी आपापला आकडा मोठ्याने म्हणायचा. जुळला तर लिहायचा, नाही जुळला तर टेप पुन्हा सोडायची. इतकं साधं. पण एका इंचात किती तेल असतं याचा हिशेब केला, तर त्या टेपवर राज्यं उभी राहतात आणि पडतात, असं काका म्हणत.

तिकडे गोऱ्यांचं राज्य असताना तेल कंपनीचं आणि मोजणारी माणसंही कंपनीचीच. कंपनी म्हणेल तो आकडा. देश स्वतंत्र झाला, झेंडा बदलला आणि नव्या सरकारला वाटलं, की आपलं तेल आपण मोजलं पाहिजे. पण मोजता येणारा एकही माणूस त्यांच्याकडे नव्हता. म्हणून भारतातून शिकवायला माणसं मागवली. गणपुले तेव्हा तिशीत होते. दोन वर्षांच्या करारावर गेले. त्यांच्या हाताखाली बारा तरुण दिले. त्यातला सगळ्यात हुशार सॅम्युअल.

"मी त्यांना सगळं शिकवलं," काका म्हणाले. "टेप कशी पुसायची, वारा असला तर कुठल्या बाजूला उभं राहायचं. जीव लावला होता पोरांनी. मी एकच गोष्ट चुकलो. दर वेळी टेप वर आली की आकडा आधी मी म्हणायचो. मग ते म्हणायचे. आपल्याकडे साहेब आधी बोलतो, मला त्यात काही वावगं वाटलंच नाही."

करार संपायला आठ दिवस होते. तेलखात्याचा मंत्री पाहणीला आला. सोबत मोठी गाडी, फोटोग्राफर, कंपनीचे गोरे अधिकारी. सगळे टाकीवर चढले. उन्हाने पत्रा तापलेला. टेप वर आली, काकांनी वाचलं आणि म्हणाले, चौतीस फूट पाच इंच. सॅम्युअलने वाचलं आणि म्हणाला, तेहतीस फूट पाच इंच. इंच सगळे नीट वाचतात, चूक होते ती फुटाच्या खुणेत, कारण ती खूण तेलाने माखलेली असते. नियमाप्रमाणे टेप पुन्हा सोडायला हवी होती. काकांनी ती सोडली नाही. त्यांनी सॅम्युअलला पुन्हा वाचायला सांगितलं. त्याने वाचलं आणि पुन्हा तेहतीसच म्हणाला. मंत्री हसला. गोरे एकमेकांकडे बघू लागले. काकांची कानशिलं तापली.

"मी त्याला म्हटलं, सॅम्युअल, मी काय वाचलं ते ऐकलंस ना?"

सॅम्युअलने मान खाली घातली आणि चौतीस म्हणाला. मंत्र्याने काकांच्या पाठीवर थाप मारली. बाकीच्या अकरा जणांकडे वळून त्याने सांगितलं, की नव्या देशाला अशीच शिस्त हवी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी रिकामी करताना पंपाच्या नोंदी आल्या, त्यावरून टाकीतल्या तेलाची उंची निघाली. तेहतीस फूट पाच इंच. काकांनी तो कागद घडी करून ठेवून दिला. निरोपसमारंभ ठरला होता, प्रशस्तिपत्रक छापून तयार होतं. ते कुणाला काही बोलले नाहीत. आठ दिवसांनी बोटीत बसले.

पुढचं त्यांना पत्रांतून कळलं. तिकडे एक केरळचे शाळामास्तर होते, ते अधूनमधून लिहीत. सॅम्युअल मोजणी खात्याचा प्रमुख झाला. जहाज भरायच्या वेळी मंत्र्याचा माणूस टाकीवर यायचा, टेप बघितल्यासारखं करायचा आणि आकडा आधी तो म्हणायचा. मग बाकीचे तोच म्हणायचे. जहाजात तेल जास्त जायचं, कागदावर कमी दिसायचं. गोरे असताना जे होत होतं तेच, फक्त आता त्यांचीच माणसं करत होती. काही वर्षांनी लष्कराने राज्य घेतलं. चौकशी झाली. मंत्री विमानाने परदेशी निघून गेला. कागदावर नाव होतं सॅम्युअलचं. त्याला चार वर्षं तुरुंगवास झाला.

"मी त्या पोरांना मोजायला शिकवलं," काका म्हणाले, "आणि त्याच टेपवर होयबा व्हायलाही मीच शिकवलं. तो त्या दिवशी माझ्यासमोर खरं बोलत होता. दोनदा बोलला. तेव्हा मी त्याला बोलू दिलं असतं, तर पुढे तो मंत्र्याच्या माणसासमोरही बोलला असता. निदान त्याला सवय राहिली असती."

मी त्यांना समजावायला गेले. म्हटलं, काका, अख्ख्या देशाचं राजकारण तुमच्या एका टेपने बिघडलं असं कसं होईल? तिथे तेल होतं, परदेशी कंपन्या होत्या, लष्कर होतं. ते म्हणाले, देशाचं मला माहीत नाही, सॅम्युअलचं माहीत आहे. मग शेंगदाण्याची पुडी माझ्या हातातून घेऊन त्यांनी उरलेले सगळे दाणे एकट्यानेच खाल्ले.

त्यांनी सॅम्युअलला तीन पत्रं लिहिली होती. एक परत आलं, बाकी दोन पत्रांचं काही कळलं नाही. आणि मला सगळ्यात वाईट वाटलं ते हे, की त्या तिन्ही पत्रांत खुशालीच विचारली होती. तेहतीस फुटांचा उल्लेख एकातही नव्हता. धीर झाला नाही, असं ते स्वतःच म्हणाले.

सॅम्युअलला शोधायला मला आठ महिने लागले. आडनाव सर्वसाधारण, गावाचं नाव बदललेलं. शेवटी त्या गावच्या चर्चच्या इंटरनेटवरच्या पानावर मी इंग्रजीत चार ओळी टाकल्या, की तेलाच्या टाक्यांवर काम केलेले आणि भारतीय शिक्षकाकडे शिकलेले कुणी सॅम्युअल आहेत का. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या नातीचं उत्तर आलं. आजोबा आहेत. ऐकू कमी येतं, पण आहेत.

मी ही बातमी सांगितली तेव्हा काका आनंदले असतील असं कुणालाही वाटेल. ते चिडले. इतक्या घाईने कशाला शोधलंस म्हणाले. आठ महिने लागले काका, म्हटलं. मग चार दिवस त्यांनी बोलणं पुढे ढकललं. एकदा सर्दी, एकदा चष्मा दुरुस्तीला. पाचव्या दिवशी मीच ऑफिसातून रजा टाकली आणि दुपारी चार वाजता त्यांच्या घरी जाऊन टेबलावर फोन उभा केला. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पुढ्यात एक कागद होता, त्यावर इंग्रजीत चार वाक्यं, दोनदा खोडून लिहिलेली.

पडद्यावर एक अंगण आलं. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेला पांढऱ्या केसांचा एक उंच म्हातारा, बाजूला फोन धरलेली नात. काकांनी खुर्ची पुढे ओढली. मग सॅम्युअल हसून म्हणाले, "सर, तुम्ही अजून बारीकच आहात."

काका हसले नाहीत. त्यांनी कागद हातात घेतला, पण वाचला नाही. सरळ बोलले.

"सॅम्युअल, मंत्री आले होते त्या दिवशी तुझा आकडा बरोबर होता. तेहतीस. माझा चुकला होता. दुसऱ्या दिवशी मला कळलं आणि मी गप्प बसलो."

नातीने आजोबांच्या कानाशी जाऊन ते पुन्हा सांगितलं. सॅम्युअलनी मान हलवली, हळूहळू, बराच वेळ.

"मला माहीत आहे सर," ते म्हणाले. "तुम्ही सगळे जेवायला गेलात, तेव्हा मी पुन्हा वर चढून टेप सोडली होती."

काकांनी हातातला कागद टेबलावर ठेवला. त्यांनी विचारलं, "मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही आठ दिवसांत जाणार होता. त्या टाकीवर आम्हाला नावाने हाक मारणारे तुम्ही पहिले साहेब होता, सर. मंत्र्यासमोर तुमची मान खाली गेली असती."

मला रडू आलं, ते लपवायचं मला सुचलंही नाही. पन्नासहून जास्त वर्षं काका इकडे जे उरात घेऊन बसले होते, ते तिकडे त्या माणसाला पहिल्याच दुपारी कळलं होतं, आणि त्याने ते प्रेमाने गिळून टाकलं होतं. त्याच प्रेमाची सवय त्याला पुढे तुरुंगात घेऊन गेली. हे काकांना कळलं असणार, कारण त्यांनी तुरुंगाचं विचारलं. सॅम्युअल म्हणाले, की ते जुनं झालं, तिथे त्यांनी कैद्यांना अपूर्णांक शिकवले, आणि त्यातला एक पुढे नगराध्यक्ष झाला, वाईटच निघाला. नात हसली. मीही डोळे पुसत हसले.

काकांनी टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकले आणि त्या दुखऱ्या गुडघ्यावर जोर देऊन ते उठून उभे राहिले. मला वाटलं, त्यांना पाणी हवं आहे. पण ते कुठे गेले नाहीत. शर्ट खाली ओढून नीट केला, हात बाजूला घेतले आणि पडद्यासमोर तसेच उभे राहिले.

"बसा सर," सॅम्युअल तिकडून म्हणाले. "तुम्ही थकाल."

काका बसले नाहीत. सॅम्युअल आपल्या शेताबद्दल सांगत होते, मुलांबद्दल, त्या बारापैकी अजून हयात असलेल्या दोघांबद्दल. काका एकेका नावाला "हो" म्हणत होते. पंधरा-वीस मिनिटं झाली. मी खुर्ची त्यांच्या मागे सरकवली, ती त्यांच्या पायांना लागली, तरी त्यांनी वळून बघितलं नाही.

त्यानंतर अकरा दिवसांनी, मी कामासाठी बेंगळुरूला असताना, ते गेले. त्यामुळे मला आठवतात ते तसेच. तिकडे फोन बंद झाला होता, पडदा काळा झाला होता, आणि काका अजून उभे होते.